भोंगा नसलेलं गाव: गॉर्की, चेखव आणि भिवंडी

मराठी साहित्यात कामगार आला की बहुतेक वेळा आधी भोंगा वाजतो. चाळीत दिवे लागतात, डबे भरले जातात, फाटकाकडे माणसांची रांग लागते. पुढे कधीतरी संप होतो, मोर्चा निघतो, घरात चूल पेटत नाही. हे चित्र खोटं म्हणता येणार नाही. मुंबईच्या गिरणगावात शंभराहून अधिक वर्षं हेच घडत होतं. पण या चित्राची एक अडचण आहे आणि भिवंडीत वाढल्यामुळे ती मला जरा जास्त जाणवते. भिवंडीत भोंगा नाही.

देशातल्या मोठ्या यंत्रमाग केंद्रांत भिवंडीची गणना होते. इथले लूम लाखांत मोजतात. तरी ज्याच्यासमोर उभं राहून 'हा कारखाना' म्हणावं असं एक फाटक गावात सापडणार नाही. कारखाना म्हणजे गल्लीतली पत्र्याची शेड. आत बारा किंवा चोवीस लूम, दाराशी सुताची पोती, वर कापसाचा भुगा चिकटलेला पंखा. एक माणूस एका वेळी चार-सहा लूम सांभाळतो, बारा तासांनी दुसरा येतो. आमच्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडे अशीच एक शेड होती. त्या खटखटीत मी बारावीचा आणि पुढे इंजिनीअरिंगचा अभ्यास केला. शुक्रवारी साप्ताहिक सुट्टीला लूम बंद असत, त्या दिवशी शांततेमुळे लक्ष लागत नसे.

माझ्या वाचनात या लूमवर उभी असलेली एकही मराठी कादंबरी आलेली नाही. भिवंडी छापील पानावर येते ती दंगलीमुळे, १९७०च्या किंवा १९८४च्या. हिंदीत भीष्म सहानी १९७०च्या दंगलीनंतर भिवंडीत आले, इथली पडझड पाहून त्यांना १९४७चं रावळपिंडी आठवलं आणि 'तमस' लिहिली गेली. म्हणजे भिवंडीने हिंदीला एक मोठी कादंबरी दिली, पण ती रावळपिंडीची.

हे का झालं असावं, याचं मला सुचलेलं उत्तर या लेखात मांडतो. आपल्या कामगार साहित्याचा अनुभव मुंबईचा होता, पण तो पाहायची रीत बरीचशी झारकालीन रशियाच्या एका अर्ध्या भागाकडून आली. तो अर्धा भाग म्हणजे मोठा कारखाना आणि मॅक्सिम गॉर्की. त्याच रशियाचा दुसरा अर्धा भाग खेड्यापाड्यांत विखुरलेल्या छोट्या उद्योगांचा होता आणि तो चेखवच्या एका दीर्घकथेत आहे. तिच्याकडे आपण कामगार साहित्य म्हणून कधी पाहिलंच नाही. भिवंडी समजून घ्यायला मात्र तीच जवळची आहे.

गॉर्कीचा अर्धा रशिया

रशियात १८६१ साली भूदासांची मुक्तता झाली. जमीन मिळाली ती हप्त्यांनी, म्हणजे शेतकऱ्याला दरवर्षी रोख पैसा लागू लागला. तो मिळवायला माणसं घर सोडून कारखान्यांत जाऊ लागली. १८९२ ते १९०३ या काळात अर्थमंत्री असलेल्या विट्टेने रेल्वे वाढवली, परदेशी भांडवल आणलं, १८९७ मध्ये रूबल सोन्याशी बांधला. हा उद्योग सावकाश, खालून वाढलेला नव्हता. सरकारच्या रेट्याने तो मोठा होऊनच आला. ट्रॉट्स्कीने रशियन क्रांतीच्या इतिहासात दिलेल्या आकड्यांनुसार पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर रशियातले सुमारे ४१ टक्के औद्योगिक कामगार हजाराहून जास्त माणसांच्या कारखान्यांत होते. अमेरिकेत हेच प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होतं. मागासलेल्या देशात जगातले सगळ्यात दाटीचे कारखाने, हे ते कोडं.

दाटीतून काय होतं ते १८८५च्या जानेवारीत मोरोझोव्हच्या कापड गिरणीत दिसलं. तिथे मजुरीतून इतका दंड कापला जाई की हजारो कामगारांनी काम थांबवलं. पुढारी पकडले गेले, खटला चालला आणि पंचांनी त्यांना निर्दोष सोडलं. १८८६च्या कायद्याने दंडावर मर्यादा आली. साधारण त्याच वेळी, १८८४ मध्ये, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा घेत होते आणि साप्ताहिक सुट्टी मागत होते. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. दोन्हीकडचा कामगार अर्धा शेतकरीच होता. रशियातला सुगीला गावी जाई, आपला गणपतीला आणि शिमग्याला कोकणात जाई.

गॉर्कीची 'आई' या दाटीची कादंबरी आहे. सोर्मोवो इथे १९०२च्या मे दिनाला निघालेल्या मिरवणुकीवर ती बेतलेली आहे आणि तिची सुरुवातच भोंग्याने होते. भोंग्यासरशी घराघरांतून माणसं बाहेर पडतात, कारखाना त्यांना गिळतो, संध्याकाळी बाहेर टाकतो. आणि ज्या कारखान्याने त्यांना एकत्र आणलं तोच त्यांना एक दिवस झेंड्याखाली उभं करतो. कादंबरीची सगळी रचना या हालचालीवर आहे: वेगळी माणसं, मग गर्दी, मग संघटना.

मुंबईच्या लेखकांना हे आपलं वाटलं यात नवल नाही. लोकवाङ्मय गृहातून स्वस्त सोव्हिएत पुस्तकं मराठी घरांत पोचत होती. नारायण सुर्व्यांनी आपल्या संग्रहाला 'माझे विद्यापीठ' नाव दिलं तेव्हा गॉर्कीच्या आत्मचरित्राच्या तिसऱ्या भागाची आठवण अनेकांना झाली असणार. अण्णा भाऊ साठ्यांना लोक महाराष्ट्राचे गॉर्की म्हणाले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. त्याआधीच मामा वरेरकरांनी 'धावता धोटा'तून गिरणगाव कादंबरीत आणलं होतं. यातलं काहीही उसनं नव्हतं. लालबाग-परळमध्ये खरोखर भोंगा होता, खरोखर फाटक होतं, आणि एका फाटकावर हजारो माणसं भेटत होती. पण त्यामुळे एक समीकरण पक्कं झालं: उद्योग म्हणजे गिरणी, कामगार म्हणजे गर्दी, कामगारकथा म्हणजे संपाची कथा.

कापड कुठे गेलं?

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. साहित्याने हा शेवट नीट टिपला आहे. जयंत पवारांचं 'अधांतर' (१९९७) हे त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं नाटक. पवार संपाचा मोर्चा दाखवत नाहीत. ते आपल्याला एका खोलीत नेतात. आई, तिची चार मुलं, आणि घरात येणारा पैसा थांबल्यावर प्रत्येकाचं वेगळ्या दिशेने सुटत जाणं. गिरणी रंगमंचावर न आणता गिरणी गेल्याचा परिणाम ते दाखवतात. पुढे 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहात गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या झगमगाटाकडे त्यांनी तितक्याच थंड डोक्याने पाहिलं.

पण एवढं सगळं वाचून झाल्यावर भिवंडीकराला एक साधा प्रश्न पडतो. गिरण्या बंद झाल्या, मग लोक कापड नेसायचे थांबले का? कापड विणलं जातच होतं, परळपासून चाळीसेक किलोमीटरवर.

संपाआधीपासूनच ते इकडे सरकत होतं. १८५७ नंतर उत्तरेतून मोमिन विणकर कुटुंबं भिवंडीत आणि मालेगावात येऊन वसली. आधी हातमाग होते. १९३०च्या दशकापासून विजेवरचे माग आले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथे दुरुस्त होऊन पुन्हा चालू लागले. हातमाग वाचावा म्हणून १९५०च्या दशकापासून सरकारने गिरण्यांमधल्या मागांची वाढ रोखून धरली, त्याचा फायदा हातमागापेक्षा यंत्रमागालाच झाला. १९४८चा कारखाना कायदा मुळात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले की लागू होत असे. म्हणून एकाच छपराखालचे माग कागदावर भावाच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या नावाने वाटले जात. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, लूमवाला फक्त मजुरीवर विणून देतो. कामगाराला मीटरवर पैसे. तो उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा किंवा तेलंगणातून आलेला, जेवतो बिशीत आणि झोपतो तिथेच किंवा लूमशेजारी.

रशियाचा दुसरा अर्धा भाग म्हणतो तो हाच. पुतिलोवसारख्या अजस्र कारखान्यांच्या काळातच मॉस्कोच्या आसपास, व्लादिमिर आणि कोस्त्रोमा प्रांतांत, हजारो शेतकरी घरं व्यापाऱ्याकडून सूत घेऊन विणून देत होती. याला ते कुस्तार उद्योग म्हणत. १८९९च्या आपल्या ग्रंथात लेनिनने दाखवून दिलं की हा जुन्या काळाचा अवशेष नसून भांडवलशाहीचंच एक रूप आहे. व्यापारी जोखीम विणकरावर टाकतो आणि नफा स्वतःकडे ठेवतो, तोही कारखाना न बांधता. दुसरीकडे विणकराचा मालकही होऊ शकत होता. ज्या मोरोझोव्हच्या गिरणीत संप झाला त्या घराण्याचा मूळ पुरुष भूदास विणकर होता आणि त्याने १८२० मध्ये पैसे भरून स्वतःची सुटका करून घेतली होती. भिवंडीतही काल दुसऱ्याचे लूम चालवणारा आज आठ लूमचा मालक दिसतो आणि मंदी आली की पुन्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये दिसतो. अशा माणसाला गॉर्कीच्या कादंबरीत कुठे बसवायचं? फाटकाच्या आत की बाहेर?

घळीतलं गाव

चेखवची ही दीर्घकथा जानेवारी १९०० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या रशियन नावाचा अर्थ 'घळीत'. उक्लेयेवो नावाचं खेडं घळीत वसलं आहे. तिथे कापड छपाईचे तीन छोटे कारखाने आणि एक कातडी कमावण्याचा. सगळे मिळून चारेकशे कामगार. कातड्याच्या कारखान्याने नदी नासली आहे, गुरं आजारी पडतात. तो कारखाना सरकारी कागदावर बंद आहे आणि प्रत्यक्षात चालू, कारण पोलीस अधिकाऱ्याला आणि डॉक्टरला महिन्याचे दहा-दहा रूबल पोचतात. ग्रामकचेरीत टेलिफोन येतो आणि त्यात ढेकूण-झुरळं झाल्यामुळे तो बंद पडतो. कामवारी नदीच्या काठी वाढलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

कथा कारखान्यात घडतच नाही. ती त्सिबुकिन नावाच्या दुकानदाराच्या घरात घडते. दुकान किराण्याचं, खरा धंदा चोरट्या दारूचा आणि मिळेल त्याचा. थोरला मुलगा अनिसिम पोलिसात आहे आणि खोटी नाणी पाडण्याच्या गुन्ह्यात सापडतो. त्याची बायको लिपा रोजंदारीवर राबणाऱ्या बाईची पोर, स्वतःही रोजंदार. धाकटी सून अक्सिन्या हुशार, कामसू. तिला कारखानदारांच्या भागीदारीत विटांची भट्टी घालायची आहे. भट्टीची जमीन म्हातारा लिपाच्या तान्ह्या मुलाच्या नावे करतो. अक्सिन्या त्या बाळावर उकळतं पाणी ओतते.

हे सगळ्यात भयंकर कृत्य स्वयंपाकघरात, कपडे धुण्याच्या पाण्याने होतं, आणि त्याचं कारण जमिनीचा एक कागद आहे. कोणी खलनायक शिट्टी वाजवत येत नाही. अक्सिन्याला शिक्षाही होत नाही, उलट भट्टी चालते आणि घर तिच्या ताब्यात जातं. औद्योगिकीकरण गावात शिरतं म्हणजे काय होतं, हे चेखव इथे दाखवतो: कुटुंब ही फर्म होते, आणि नात्यातलं प्रत्येक माणूस फर्मच्या कामाचं किंवा अडचणीचं ठरतं. खोट्या नाण्यांचा धागाही याच अर्थाने येतो. मुलगा तुरुंगात गेल्यावर म्हातारा म्हणतो, आता मला खरं नाणं आणि खोटं नाणं ओळखू येत नाही.

चेखवचं वाक्य तिथे कुठेही आवाज चढवत नाही. लिपा मेलेलं बाळ घेऊन रात्री एकटी चालत निघते, वाटेत गाडीवाले भेटतात, त्यातला एक म्हातारा तिच्याशी बोलतो. तो तिला न्यायाचं आश्वासन देत नाही. शेवटी लिपा तिच्या आईसोबत विटा वाहणाऱ्या बायकांत दिसते आणि घरातून बाजूला पडलेल्या, भुकेल्या सासऱ्याला आपल्याजवळचा खाण्याचा तुकडा देते. या कथेवर भरभरून लिहिणाऱ्या समकालीन लेखकांत खुद्द गॉर्की होता. आपण गॉर्कीला गुरू मानलं, पण गॉर्कीला जे आवडलं ते मात्र वाचलं ते 'चेखवचं कारुण्य' म्हणून, उद्योगाची कथा म्हणून नव्हे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप भाषेचा. लूमवरचा माणूस भोजपुरी, उर्दू, तेलुगू, ओडिया बोलतो. त्याची कादंबरी मराठीने का लिहावी? भिवंडीत उर्दूचे शायर आणि मुशायरे आहेत, तेलुगू बोलणारी पद्मशाली वस्ती आहे, त्यांचं साहित्य ते लिहितील. यात तथ्य आहे. पण आक्षेप घेणारा हे विसरतो की भिवंडीच्या अर्थव्यवस्थेत मराठी माणूस पाहुणा नाही. शेडखालची जमीन अनेकदा आगरी कुटुंबाची होती. भाडं घेणारा, नळाची जोडणी देणारा, कारकून, शिक्षक, पतपेढीचा वसुलीवाला, यांत मराठी माणूस आहेच. उक्लेयेवोची गोष्ट चेखवने कामगाराच्या तोंडून सांगितलेली नाही, दुकानदाराच्या घरातून सांगितली. आपल्यालाही दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायची गरज नाही. आपल्याच घराचा हिशेब मांडला तरी पुरे. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने मराठीत किती भाषांना जागा होऊ शकते हे १९७२ मध्येच दाखवलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गॉर्की माणसाला उभं करतो. चेखव काय करतो? लिपाच्या हातातला तुकडा दाखवून थांबतो. ज्याला बारा तास उभं राहून मीटरवर पैसे मिळतात त्याला हळुवारपणा देऊन काय होणार? हा प्रश्न मी झटकून टाकू शकत नाही. 'आई' वाचून माणसं संघटनेत गेली, 'घळीत' वाचून कोणी गेल्याचं ऐकिवात नाही.

तरी मला वाटतं की संघटनेच्या दृष्टीनेही चेखवची नजर आधी लागते. लाल बावटा भिवंडीतही आला. पण एका फाटकाशी सभा घेऊन हजार माणसं गाठायची सोय इथे नाही. इथे मालक स्वतः व्यापाऱ्याचा देणेकरी असतो, मुकादम कामगाराच्या गावचा असतो, आणि बिशी चालवणारी बाई दोघांनाही उधार जेवू घालते. शोषण कोणत्या दारातून आत येतं आणि कोणाच्या हातून जातं हे माहीत नसेल तर घोषणा कोणाविरुद्ध द्यायची? फाटक शोधायची सवय लागलेल्या नजरेला ही साखळी दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून 'इथले कामगार असंघटितच राहणार' असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष मी चांगल्या वाचलेल्या लोकांकडून ऐकला आहे.

आता गोदामं

हे मागे पडलेल्या उद्योगाबद्दलचं स्मरणरंजन असतं तर लेख लिहायची घाई नव्हती. पण तोच क्रम पुन्हा चालू आहे. मुंबईच्या जकातीबाहेर, ग्रामपंचायतींच्या हद्दीत, माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर अशा गावांत गोदामं उभी राहत गेली. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर त्यांचा आकार आणखी वाढला. आज मुंबईत मोबाईलवर मागवलेली वस्तू बऱ्याचदा भिवंडीच्या भातखाचरावर बांधलेल्या शेडमधून निघते. माझी नोकरी अशाच गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याची आहे. त्यात माल उचलणाऱ्या माणसाला एक क्रमांक असतो आणि तासाला किती वस्तू हा एक आकडा. तो माणूस गोदाम कंपनीचा नसतो, ठेकेदाराचा असतो. ठेकेदारावर आणखी एक ठेकेदार. पडद्यावर मला यातलं काहीच दिसत नाही, फक्त क्रमांक दिसतो. सूत व्यापाऱ्याचं, लूम दुसऱ्याचा, मजुरी मीटरवर, या जुन्या मांडणीत एक सर्व्हर जोडला गेला इतकंच.

जमीन विकून किंवा भाड्याने देऊन पैसा आलेल्या घरांत सध्या काय चाललं आहे हे भिवंडीत सगळ्यांना माहीत आहे. सातबाऱ्यावरची नावं, बहिणींच्या हक्कसोडपत्रांवरच्या सह्या, भावाभावांतले दावे, नव्या बंगल्यासमोरची महागडी गाडी आणि मागच्या खोलीत बसवलेला म्हातारा. त्सिबुकिनचं घर इथल्या कोणत्याही गल्लीत आहे. अक्सिन्याही आहे, आणि तिला नुसती वाईट बाई म्हणून लिहिलं तर कथा फसेल, कारण धंद्याची समज त्या घरात तिलाच सगळ्यात जास्त आहे. आणि त्याच जमिनीवरच्या गोदामात लिपा पाळी संपवून बसची वाट बघते.

'अधांतर'ने खोलीत शिरायचं कसं हे मराठीला शिकवून ठेवलं आहे, तेव्हा सुरुवात शून्यातून करायची नाही. फक्त पवारांची खोली गेलेल्या गिरणीकडे पाहत होती. आता हवी ती अशी खोली, जिच्या भिंतीपलीकडे लूम चालू आहे. लिहिणारा किंवा लिहिणारी बहुधा भिवंडीच्या एखाद्या कॉलेजात आत्ता शिकत असेल, घरी उर्दू किंवा आगरी बोलत असेल, आणि मराठीच्या तासाला गिरणगावाची कविता वाचून हे आपल्याबद्दल नाही असं तिला वाटत असेल. तिला कोणीतरी गॉर्कीबरोबर चेखवची ही कथाही वाचायला द्यावी. घरातल्या हिशेबाच्या वहीपासून सुरुवात केली तरी कामगारांवरची कादंबरी होऊ शकते, एवढं तिला त्यातून कळेल.